तात्पुरत्या फायलींची व्यवस्था आणि एका आज्ञेचा धडा

कोणत्याही कार्यालयात दोन प्रकारचे कागद असतात. काही कागद कामापुरते असतात. आकडेमोडीचा कच्चा कागद, टिपणाचा पहिला मसुदा, दिवसाच्या टपालाची यादी हे सर्व काम उरकताच टोपलीत जातात, आणि ते तसे जावयासच हवेत. दुसरे कागद जतन करावयाचे असतात. सेवापुस्तक, एक-चौदाचा उतारा, जन्ममृत्यूची नोंदवही यांतील एखादे पान जरी गहाळ झाले, तरी एखाद्या कुटुंबास वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागतात. टोपली रिकामी करणाऱ्या हाताला दप्तराच्या कपाटाची किल्ली देऊ नये, हा साधा नियम म्हणूनच प्रत्येक कार्यालयात पाळला जातो.

आज दप्तराचा मोठा भाग संगणकात गेला आहे. तेथेही कामापुरत्या आणि कायमच्या फायली असतात, टोपल्या असतात आणि त्या रिकाम्या करणारी यंत्रणाही असते. २०२४ साली लिनक्स या संगणकप्रणालीतील अशाच एका यंत्रणेत एक दोष उघडकीस आला. तात्पुरत्या फायलींची व्यवस्था पाहणाऱ्या साधनाला एक आज्ञा दिली असता, तात्पुरत्या फायलींबरोबरच वापरकर्त्यांची सारी खासगी कागदपत्रे पुसली जात होती. हा दोष कसा निर्माण झाला, तो कसा दुरुस्त करण्यात आला आणि संगणकावर काम करणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने त्यातून काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तात्पुरती फाईल म्हणजे काय

लिनक्सचा आरंभ १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केला. तिची घडण युनिक्स या जुन्या प्रणालीच्या धर्तीवर आहे. या प्रणालीत सर्व फायली एकाच मोठ्या वृक्षासारख्या रचनेत मांडलेल्या असतात. वृक्षाच्या मुळाशी काही ठरावीक डिरेक्टरी, म्हणजे कप्पे असतात व प्रत्येक कप्प्याचे काम परंपरेने ठरलेले असते. ‘ईटीसी’ नावाच्या कप्प्यात प्रणालीच्या मांडणीचे नियम असतात. ‘होम’ या कप्प्यात प्रत्येक वापरकर्त्याचे स्वतंत्र घर असते; त्याची पत्रे, छायाचित्रे, तक्ते, टिपणे सर्व तेथेच राहतात. ‘टीएमपी’ या कप्प्यात मात्र कोणीही कामापुरती वस्तू ठेवावी आणि ती पुढे तेथे मिळेलच असे गृहीत धरू नये, असा संकेत आहे.

असा कप्पा लागतो कशाला, असे कोणी विचारील. आपण एखादा मोठा तक्ता छापावयास पाठवतो, एखादी संकुचित फाईल उलगडतो किंवा एखादे नवे सॉफ्टवेअर बसवतो, तेव्हा त्या कामाच्या मधल्या अवस्थेतील माहिती कोठे तरी ठेवावी लागते. सुतार रंधा मारताना जसा भुसा पडतो, तशा या फायली पडतात. सज्जन आज्ञावली आपला भुसा आपणच झाडून जाते. परंतु काम अर्ध्यावर तुटले, वीज गेली किंवा आज्ञावली कोलमडली, तर तो तेथेच राहतो. महिनोन्‌महिने चालू राहणाऱ्या मोठ्या संगणकावर असा कचरा साठत गेला तर चकतीवरील जागा संपते, आणि जागा संपली की खरे कामही थांबते.

तात्पुरत्या फायलींसाठी आणखीही एक कप्पा असतो. ‘व्हार’ या कप्प्याच्या पोटातील हा ‘टीएमपी’ थोड्या अधिक काळाच्या वस्तूंसाठी असून संगणक बंद करून पुन्हा चालू केला तरी त्यातील फायली राहाव्यात अशी अपेक्षा असते. मुख्य ‘टीएमपी’बाबत ती अपेक्षा ठेवता येत नाही. अनेक ठिकाणी तो चकतीवर नसून संगणकाच्या स्मरणातच असतो व यंत्र बंद होताच नाहीसा होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन या लिनक्स-वितरणाच्या १३ व्या आवृत्तीने हीच पद्धत सामान्य म्हणून स्वीकारली आहे.

सफाईची यंत्रणा

पूर्वी या सफाईसाठी निरनिराळ्या वितरणांत निरनिराळ्या लहान आज्ञावली होत्या. २०१० साली ‘सिस्टिमडी’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. संगणक चालू होताच कोणती कामे कोणत्या क्रमाने सुरू करावयाची, हे ठरविणारी ही व्यवस्था पुढील काही वर्षांत बहुतेक प्रमुख वितरणांनी स्वीकारली. तिच्या अनेक साधनांपैकी एकाचे नाव ‘सिस्टिमडी-टीएमपीफाइल्स’ असे आहे. सोयीसाठी यापुढे आपण त्यास ‘टीएमपीफाइल्स’ म्हणू.

या साधनाचे काम नियमांच्या यादीवरून चालते. यादीतील प्रत्येक ओळीत काही रकाने असतात. पहिल्या रकान्यात एक अक्षर असते, ते नियमाचा प्रकार सांगते. कप्पा तयार करणे, फाईल तयार करणे, एखादी वस्तू काढून टाकणे, एखाद्या वस्तूस हात न लावणे अशा प्रत्येक कामास वेगळे अक्षर आहे. त्यानंतर त्या वस्तूचा पत्ता येतो. पुढे ती कोणी वाचावी व कोणी बदलावी याचे अधिकार, मालकाचे व गटाचे नाव आणि मग मुदत असा क्रम असतो. मूळ प्रकल्पाच्या नियमांनुसार मुख्य ‘टीएमपी’ची मुदत १० दिवस व ‘व्हार’मधील ‘टीएमपी’ची मुदत ३० दिवस आहे. संगणक चालू झाल्यावर १५ मिनिटांनी आणि त्यानंतर दररोज एकदा सफाईची फेरी होते. निरनिराळी वितरणे या मुदती आपल्या सोयीने बदलतात.

सफाई करताना हे साधन बरीच सावधगिरी बाळगते. फाईल शेवटची कधी वाचली गेली, तिच्या मजकुरात शेवटचा बदल कधी झाला, तिच्या नोंदीत शेवटचा बदल कधी झाला, या सर्व वेळा पाहिल्या जातात आणि त्या सर्वच मुदतीपलीकडे गेल्या असतील तरच फाईल काढली जाते. यामुळे कोणी दहा वर्षांपूर्वीची फाईल एखाद्या संग्रहातून आज ‘टीएमपी’मध्ये उलगडली, तर मजकुराची तारीख जुनी असूनही ती लगेच पुसली जात नाही, कारण तिची नोंद आजची असते. एखाद्या आज्ञावलीने आपल्या कप्प्यास कुलूप लावून ठेवले असेल तर सफाईची फेरी तो कप्पा वगळून पुढे जाते. इतकी काळजी घेणाऱ्या साधनाच्या हातून घरेच्या घरे पुसली जावीत, हे वरवर पाहता आश्चर्याचे वाटते.

नाव एक, काम अनेक

त्या आश्चर्याचे उत्तर साधनाच्या वाढीत आहे. नावावरून हे साधन केवळ तात्पुरत्या फायलींचे वाटते, आणि प्रारंभी त्याचा हेतूही तोच होता. परंतु नियमांची यादी करून कप्पे तयार करण्याची त्याची पद्धत इतकी सोयीची ठरली, की हळूहळू इतर कामेही त्याच्याकडे आली. नव्या संगणकावर जे कप्पे असावयासच हवेत ते नसल्यास तयार करणे, हे त्यांपैकी एक काम होय. यात ‘होम’ हा कप्पाही आला. प्रकल्पाच्या नियमसंग्रहातच ‘होम’ कप्प्याची एक ओळ आहे. ‘होम’ नसेल तर तो तयार करावा आणि त्यास योग्य ते अधिकार लावावेत, एवढाच तिचा आशय.

या ओळीत मुदतीचा रकाना रिकामा आहे. रोजची सफाई मुदत पाहून चालते. जेथे मुदत नाही तेथे ती काहीच करीत नाही. म्हणून ‘टीएमपी’ आणि ‘होम’ हे दोन अगदी भिन्न स्वभावाचे कप्पे एकाच यादीत असूनही कोणाचे काही बिघडले नाही. सामान्य वापरकर्त्यास तर आपल्या घराचे नाव तात्पुरत्या फायलींच्या यादीत आहे याची कल्पनाही नव्हती.

एक दाखला घेऊ. एखाद्या कार्यालयात शिपायाकडे एक यादी दिलेली आहे. यादीत लिहिले आहे: व्हरांड्यात टोपली असावी, दहा दिवसांपूर्वीचे कागद तीतून काढावेत, दप्तरखान्यात लाकडी कपाट असावे, नसल्यास आणून ठेवावे. शिपाई दररोज यादी घेऊन फिरतो. टोपलीतले जुने कागद काढतो. कपाट जागेवर आहे ना, एवढे पाहतो आणि पुढे जातो. यादीत काही चूक नाही आणि शिपायाच्या कामातही काही चूक नाही. उद्या मात्र कोणी त्यास सांगितले, “या यादीत ज्या वस्तू तू ठेवल्या आहेस त्या सर्व काढून टाक,” तर? टोपली जाईल, तसे कपाटही जाईल, आणि कपाटातील प्रत्येक रुमाल त्याबरोबर जाईल.

२०२४ चा दोष

नेमके हेच घडले. ११ जून २०२४ रोजी सिस्टिमडीची २५६ वी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत टीएमपीफाइल्स या साधनास ‘पर्ज’ नावाची एक नवी आज्ञा जोडण्यात आली होती. नियमांनुसार निर्माण केलेल्या सर्व फायली व कप्पे काढून टाकणे, हे तिचे काम. एखादे सॉफ्टवेअर काढून टाकताना त्याच्या नियमफाईलने निर्माण केलेल्या वस्तूही मागे राहू नयेत, या दृष्टीने अशी सोय उपयुक्तच होती. परंतु ‘पर्ज’बरोबर कोणत्या नियमफाईलवर काम करावयाचे हे सांगणे बंधनकारक नव्हते. ते सांगितले नाही, तर आज्ञा प्रणालीतील सर्व नियमफायली वाचून त्यांतील सर्व वस्तू काढावयास निघे. त्यांत ‘होम’ची ओळ होती. मुदतीच्या रिकाम्या रकान्याने रोजच्या सफाईपासून ‘होम’चे रक्षण केले होते, परंतु ‘पर्ज’ मुदत पाहतच नव्हती.

येथे एक बारकावा समजून घेणे अगत्याचे आहे. ‘निर्माण केलेल्या वस्तू’ असे शब्द वाचले की या साधनाने स्वतः निर्माण केलेल्या वस्तू, असाच अर्थ आपण घेतो. परंतु कोणती वस्तू खरोखर आपण निर्माण केली आणि कोणती आधीपासूनच होती, याची कोणतीही नोंदवही हे साधन ठेवीत नाही. ते केवळ नियमांची यादी वाचते. संगणकावर लिनक्स बसवितानाच ‘होम’ कप्पा तयार झालेला असो, त्यात वापरकर्त्याने दहा वर्षांचे काम साठविलेले असो. यादीत त्याचे नाव आहे एवढ्यावरून तो ‘निर्माण केलेला’ ठरे. ‘मी निर्माण केले’ आणि ‘माझ्या यादीत आहे’ या दोन विधानांतील अंतर पुसले गेले, हाच या दोषाचा गाभा होय. शिवाय कप्पा निर्माण करणारा हा त्यातील वस्तूंचा धनी नव्हे. गवंड्याने घर बांधले म्हणून घरातील पेट्यांवर त्याची मालकी येत नाही. ‘पर्ज’ मात्र कप्पा काढताना त्यातील सर्व सामानासह काढीत असे.

ही आज्ञा प्रणालीभर परिणाम करावयाची तर तिला रूट, म्हणजे सर्वाधिकारी प्रशासकाचे अधिकार लागत. परंतु घरच्या संगणकावर वापरकर्ता हाच प्रशासक असतो. ‘तात्पुरत्या फायली’ असे नाव असलेले साधन आणि ‘साफ करा’ असा ध्वनी असलेली आज्ञा पाहून कोणी ती निश्चिंतपणे दिली, तर त्यास फारसा दोष देता येत नाही. डेबियनच्या परंपरेत ‘पर्ज’ हा शब्द एखादे सॉफ्टवेअर त्याच्या मांडणीच्या फायलींसह काढून टाकण्यासाठी अनेक वर्षे रूढ आहे. त्या परंपरेत वाढलेल्या वापरकर्त्याच्या कानाला तो ओळखीचा व निरुपद्रवी वाटणे स्वाभाविक होते. आणखी एक गोष्ट अशी की, आज्ञावलीमार्फत पुसलेली फाईल पडद्यावरील कचरापेटीत जात नाही. ती जाते ती जातेच.

दोष कोणाचा

आवृत्ती बाहेर पडल्यानंतर थोड्याच दिवसांत, ही आज्ञा देताच आपला सारा ‘होम’ कप्पा नाहीसा झाला, अशी तक्रार प्रकल्पाकडे आली. प्रकल्पाच्या बाजूने प्रथम उत्तर मिळाले ते असे की, निर्माण केलेल्या सर्व वस्तू काढल्या जातील हे मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलेले आहे. ज्या आज्ञेची माहिती नाही ती द्यावी कशाला? या उत्तरावर बराच वाद माजला.

वादाच्या दोन्ही बाजू समजून घेण्यासारख्या आहेत. मार्गदर्शिका न वाचता सर्वाधिकाराने आज्ञा देणे धोक्याचे आहे, यात संशय नाही. औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी वाचूनच औषध घ्यावे, हे आपण मुलांनाही शिकवितो. परंतु चिठ्ठीवर लिहिलेले अक्षरशः खरे असणे पुरेसे नसते. वाचणाऱ्यास त्यातून योग्य तो बोध व्हावयास हवा. ‘यादीतील सर्व वस्तू’ या शब्दांत ‘तुमचे घर’ अंतर्भूत आहे, हे ज्यास यादी ठाऊक आहे त्यालाच कळणार. ज्याचा परिणाम परत फिरविता येत नाही अशा आज्ञेने तो परिणाम स्वतः होऊन, स्पष्ट शब्दांत सांगावयास हवा.

शासकीय कामात आपणास याचा नित्य अनुभव येतो. एखादे परिपत्रक नियमाच्या दृष्टीने निर्दोष असते, तरीही नागरिक खिडकीपाशी येऊन तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारतात. अशा वेळी ‘परिपत्रकात लिहिले आहे’ एवढे उत्तर देऊन नागरिकाची अडचण सुटत नाही. दहा जणांना एकच गैरसमज होत असेल, तर गैरसमजाचे कारण त्या दहा जणांत न शोधता कागदात शोधावे, हे शहाणपणाचे.

दुरुस्ती कशी झाली

वाद झाला तरी दुरुस्ती रखडली नाही. लगोलग आलेल्या २५६.१ या आवृत्तीत ‘पर्ज’बरोबर निदान एका नियमफाईलचे नाव देणे बंधनकारक करण्यात आले. नुसती ‘पर्ज’ म्हटली तर साधन काहीही न करता थांबते. ‘सर्व काही’ हा अर्थ न बोलता गृहीत धरला जात होता, तो यामुळे बंद झाला.

डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५७ व्या आवृत्तीने त्याहून मूलगामी बदल केला. नियमाच्या ओळीवर डॉलरचे एक विशिष्ट चिन्ह असेल तरच ‘पर्ज’ ती ओळ विचारात घेईल, असे ठरले. म्हणजे नियम लिहिणाऱ्याने ‘ही वस्तू काढली तरी चालेल’ असे आधी स्वहस्ते लिहून द्यावयास हवे. ज्या ओळीवर चिन्ह नाही ती आपोआप वगळली जाते. या बदलामुळे जुन्या नियमफायली ‘पर्ज’साठी पुन्हा लिहाव्या लागणार होत्या, तरीही सुरक्षिततेसाठी ती गैरसोय पत्करण्यात आली.

या दोन बदलांतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. पहिल्या बदलाने आज्ञा देणाऱ्यास विचार करावयास लावले. दुसऱ्याने मुळातील गृहीतच उलटे केले. आधी ‘मनाई नाही ते सर्व काढावे’ असा नियम होता. आता ‘अनुमती आहे तेवढेच काढावे’ असा झाला. सुरक्षिततेच्या कामी हे दुसरे तत्त्वच टिकाऊ ठरते, कारण विसरभोळेपणाचा परिणाम त्यात विनाशात न होता फार तर थोडा कचरा शिल्लक राहण्यात होतो. कचरा उद्याही काढता येतो. गेलेली नोंदवही उद्या आणता येत नाही.

माहितीपुस्तिकेचीही भाषा सुधारली. हे साधन मूळचे तात्पुरत्या फायलींसाठी होते, नावही तेच सांगते, परंतु आता ते कोणत्याही प्रकारच्या फायलींची व्यवस्था करू शकते, असा खुलासा आजच्या मार्गदर्शिकेत आहे. साधनाचे नाव मात्र बदललेले नाही. असंख्य संगणकांवर रुजलेले नाव बदलणे हे आता सोपे काम राहिलेले नाही.

आपल्या कामासाठी काय घ्यावे

लिनक्स ही केवळ तज्ज्ञांच्या प्रयोगशाळेतील वस्तू नाही. संकेतस्थळे चालविणाऱ्या संगणकांपैकी फार मोठा भाग तिच्यावर चालतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्र शासनाच्या संस्थेने तयार केलेली ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स’, म्हणजे ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. म्हणून या प्रकरणाचा धडा आपणासही लागू आहे. मात्र घाबरून जाण्याचे कारण नाही. डेबियनच्या १२ व्या स्थिर आवृत्तीत सिस्टिमडीची २५२ वी आवृत्ती होती व १३ व्या आवृत्तीत २५७ वी आहे, सदोष २५६.० ही आवृत्ती मधल्या मध्येच राहिली. नवे ते सर्व प्रथम घेणाऱ्यांना ती भेटली. सावकाश, पारखून घेणाऱ्यांच्या वाट्यास ती आली नाही. कार्यालयीन संगणकावर स्थिर आवृत्तीच का ठेवावी, याचे याहून चांगले उत्तर नाही.

यापुढील काही गोष्टी प्रत्येक कर्मचाऱ्याने पाळण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट, तात्पुरत्या कप्प्यात जपावयाचा कागद ठेवू नये. ईमेलमधून आलेली फाईल थेट उघडून तीतच फेरफार करण्याची सवय अनेकांस असते. अशी फाईल पुष्कळदा तात्पुरत्या कप्प्यातच असते. दिवसभराचे काम तीत केले आणि ती आपल्या घर-कप्प्यात साठविली नाही, तर सफाईची फेरी तिला कचराच समजणार, आणि त्यात तिचा दोष नाही. फाईल प्रथम साठवावी, मग उघडून काम करावे.

दुसरी गोष्ट, काढून टाकण्याची कोणतीही आज्ञा आधी कोरडी चालवून पाहावी. टीएमपीफाइल्समध्ये यासाठी ‘ड्राय-रन’ नावाचा पर्याय आहे आणि तोही २५६ व्या आवृत्तीतच आला. तो दिला असता साधन प्रत्यक्ष काहीही न पुसता, आपण काय पुसले असते त्याची यादी दाखविते. त्या यादीत ‘होम’ हे नाव दिसताच कोणाचाही हात थांबला असता. जुने अभिलेख नष्ट करण्यापूर्वी त्यांची यादी करून अधिकाऱ्याची सही घेतली जाते. ‘ड्राय-रन’ म्हणजे तीच यादी.

तिसरी गोष्ट, सर्वाधिकार गरजेपुरताच वापरावा. रोजचे काम साध्या वापरकर्त्याच्या नावाने करावे. साध्या वापरकर्त्याच्या हातून चूक झाली तर त्याचे स्वतःचे नुकसान होते; सर्वाधिकाऱ्याच्या हातून झाली तर सर्वांचे होते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे राखीव प्रत, ज्यास आपण बॅकअप म्हणतो. ती दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या यंत्रावर असावी आणि ती परत आणता येते की नाही हे वेळोवेळी प्रत्यक्ष करून पाहावे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याने रात्री उशिरा दुरुस्तीचे काम करीत असताना चुकीच्या यंत्रावरील माहितीसाठ्याचा कप्पा पुसला. राखीव प्रतीच्या अनेक योजना कागदोपत्री होत्या. परंतु वेळ आली तेव्हा त्यांतील बहुतेक निरुपयोगी ठरल्या. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत हाती लागली आणि तेवढ्या सहा तासांच्या नोंदी कायमच्या गमावून काम पुढे चालू झाले. ही हकीकत कंपनीने स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केली, हे तिचे भूषण होय. राखीव प्रत घेतली जाते यावर समाधान न मानता ती उघडते का, हे पाहावे, एवढा त्याचा मथितार्थ.

समारोप

टीएमपीफाइल्सचा दोष आकाराने लहान होता. कोणतेही गणित चुकले नव्हते, कोणतीही ओळ चुकून लिहिली गेली नव्हती. साधनाने जे सांगितले तेच केले. चूक झाली ती नाव, हेतू आणि परिणाम यांची सांगड न राहिल्यामुळे. तात्पुरत्या वस्तूंसाठी निघालेली यादी कायमच्या वस्तूंपर्यंत पोचली, आणि ती पोचली आहे याची जाणीव यादी वापरणाऱ्यास राहिली नाही.

आपल्या कार्यालयातही अशा याद्या असतात. कोणे एके काळी एका कामासाठी सुरू झालेली नोंदवही पुढे चार कामांसाठी वापरली जाते. मूळ मथळा मात्र तोच राहतो. नवा कर्मचारी मथळा वाचतो आणि आतील मजकूर त्याप्रमाणेच असेल असे समजून चालतो. म्हणून संगणकावर असो की कपाटात, काहीही काढून टाकण्यापूर्वी मथळ्यावर न विसंबता आत काय आहे ते एकदा उघडून पाहावे. त्यास दोन मिनिटे लागतात. ‘होम’ कप्पा गमावलेल्या वापरकर्त्यास त्या दोन मिनिटांचे मोल कोणी सांगावयास नको.